झाकण उघडं, मशीन चालू

नंदकिशोर तिरोडकरला राग येतो, असं म्हणणं चुकीचं आहे. राग यायचा तर आधी तो कुठेतरी गेलेला असावा लागतो. नंदूचा राग कुठे जातच नाही. सकाळी अंघोळीला तो त्याच्याबरोबर असतो, चहाला असतो, आणि असल्फ्याचा उतार उतरताना दोघे खांद्याला खांदा लावून उतरतात. त्याची बायको शर्मिष्ठा माहेरी फोनवर सांगते, "ह्यांचं बरं चाललंय, आरडाओरडा व्यवस्थित आहे." ज्या दिवशी नंदू गप्प असतो त्या दिवशी ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघते.

त्याचा धंदा मोटरींचा. म्हणजे मोटरी बनवण्याचा नव्हे, मोटरींना वळण लावण्याचा. गाळ्यागाळ्यातून भिंतीला जी राखाडी लोखंडी कपाटं दिसतात, हिरवं-लाल बटण आणि एक काळा दांडा असलेली, त्यांना पॅनेल म्हणतात. चालू हो, थांब, फार ताण आला तर गुमान बंद पड, हे मोटरीला ते कपाट सांगतं. घाटकोपरपासून साकीनाक्यापर्यंत आणि तिथून पार जोगेश्वरीपर्यंत नंदूने अशी कपाटं बसवली आहेत, आणि वर्षातून एकदा तो ती उघडून झाडूनपुसून, सगळे स्क्रू आवळून येतो. रागाचा मोठा साठा तिथूनच येतो. कारण लोकांना कपाट दिसलं की त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतं. छत्र्या, चपला, डबे, एकदा तर कुणाचे तरी ओले मोजे, कारण आत छान ऊब असते. जोगेश्वरीच्या एका गाळ्यात त्याने पॅनेल उघडलं तर तारांच्या मधोमध दह्याचा सट.

"थंडीत लागत नाही हो बाहेर," सुपरवायझर प्रेमाने म्हणाला. "इथे मस्त लागतं. घ्या ना थोडं."

नंदूने त्याला अर्धा तास झाडलं. मग चमचाभर खाऊन बघितलं. दही खरोखरच उत्तम लागलं होतं, याचा त्याला आणखी राग आला.

पण दही, मोजे हे वरवरचे राग. आतला राग एकच होता. "मोटर भोळी असते रे," तो ज्याला त्याला सांगायचा, आणि हे वाक्य तो जितक्या मोठ्याने सांगायचा तितकं कुणी ऐकायचं नाही. "तिला पीठ कळत नाही, पत्रा कळत नाही, हात कळत नाही. ती फिरते. समोर काय आलं ते बघायची अक्कल आपण तिला विकत आणून लावतो. आणि तुम्ही साले ती अक्कल काढून ठेवता, अडचण होते म्हणून!" ताण आला की मोटर बंद पाडणारा रिले पडू नये म्हणून त्याच्या बटणात अगरबत्तीची काडी खुपसणारे, लाल बटणावर कॅलेंडर टांगणारे, असे सगळे वीर त्याने पाहिले होते. त्या प्रत्येकाचं नाव त्याच्या लक्षात होतं आणि प्रत्येकाच्या आईवडिलांविषयी त्याची काही मतं होती.

त्याचा स्वतःचा नियम मात्र एक होता. मशीनवर काम करताना पॅनेलचा दांडा खाली ओढायचा, त्याला आपलं पितळी कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. ते कुलूप तोच काढणार. मालक येवो, मालकाचा बाप येवो.

नवरात्र संपलं की घाटकोपरच्या फराळवाल्या गाळ्यात त्याची फेरी ठरलेली. हा गाळा दिशा केंकरेचा. आईने घरातल्या ओट्यावर सुरू केलेला चकली-कडबोळ्यांचा धंदा दिशाने ऑफिसातली नोकरी सोडून हातात घेतला आणि गाळ्यात आणला. आता तिथून दिवाळीचा फराळ खोके भरभरून परदेशात जातो. पीठ मळायला मोठं मशीन आहे, आत माणूस बसेल एवढी स्टीलची टाकी आणि त्यात फिरणारे दोन वाकडे जाडजूड हात. त्याचं पॅनेल गेल्या वर्षी नंदूनेच बसवलं. टाकीच्या झाकणाला त्याने एक स्विच लावला होता. झाकणावर लोखंडाची एक छोटी जीभ, ती काठावरच्या खाचेत गेली तरच मोटर चालणार. झाकण उचललं की जीभ बाहेर, मोटर बंद. पुन्हा चालू करायची तर झाकण लावून हिरवं बटण दाबायचं. ह्या कामाचा त्याला अभिमान होता, कारण ह्या मशीनवर भाजणीची उकड मळायला कोण उभं राहणार हे त्याला ठाऊक होतं. त्याची थोरली बहीण, सुगंधा.

नंदूला ह्याच आक्काने वाढवलं होतं. बाप गिरणीत पाळ्या करायचा, आई आजारी असायची, आणि नंदूची शेंबडाची, अभ्यासाची, मारामाऱ्यांची सगळी खाती आक्काकडे. त्या घरात त्याच्यावर ओरडू शकणारी ती एकच होती, आणि हातही तिचाच चालायचा.

तर त्या दिवशी नंदू पिशवी घेऊन गाळ्यात शिरला. दारातच तळणीचा वास, चेतना नावाची मुलगी चकल्या मोजून डबे भरत होती, मशीनची घरघर चालू होती. आणि नंदूला दिसलं की झाकण उघडं आहे. झाकण उघडं, मशीन चालू, आणि आक्काचा उजवा हात मनगटापर्यंत आत. डोळे मिटून ती फिरत्या पिठाला बोटं लावत होती, जशी बाई तापलेल्या पोराच्या गालाला लावते.

तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, नंदू ओरडला नाही. ओरडला असता तर ती दचकली असती. त्याने पिशवी अलगद खाली ठेवली, पिठाच्या गोण्यांना वळसा घालून, तेलाच्या डब्यांमधून वाट काढत तो मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि पॅनेलचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. घरघर थांबली. कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

मग ओरडला.

तो आवाज शेजारच्या गाळ्यातल्या कापणी मशीनवरून ऐकू गेला म्हणतात. चेतनाच्या हातातला डबा सांडला. आतल्या केबिनमधून दिशा धावत आली.

"काय झालं, नंदूकाका?"

"काय झालं? मला विचारतेस काय झालं? तुझ्या गाळ्यात तू डोळे कुठे ठेवतेस गं? ह्या चकल्यांच्या डब्यात?"

आक्काने हात बाहेर काढला, पाचही बोटांना पीठ. तिने शांतपणे विचारलं, "मशीन कोणी बंद केल्यान?"

"मी केलं!"

"चालू कर. पीठ आळतला."

नंदू झाकणापाशी गेला. स्विचची जीभ झाकणावरून उचकटून काढली होती आणि ती खाचेत कायमची खुपसून वर आक्काच्याच केसांचं काळं रबर गुंडाळलं होतं. बिचाऱ्या स्विचची समजूत अशी, की झाकण गेले कित्येक दिवस बंदच आहे.

"हे तुझं डोकं?"

"माझाच. मगे कोणाचा?"

"आक्का, ते तुझे दोन्ही हात कोपरापासून ओढून नेईल. कळणार पण नाही तुला. कळायच्या आत नेईल!"

"तुका चकलीतला काय कळता रे? पीठ हाताक लागूक होया. डोळ्यांनी बघून उकड कळता काय? तू मोटर बघ, पीठ मी बघतंय."

"अगं दिवाळीत भाऊबीजेला मला ओवाळणार कुठल्या हाताने? कोपराने?"

चेतना फिसकन हसली आणि लगेच डबे मोजायला लागली.

दिशा मधे पडली. "मी सांगितलं होतं ताईंना एकदा. पण काका, आज संध्याकाळी खोके निघायचे आहेत. आत्ता कुलूप काढा ना, प्लीज. रबर मी काढते, जीभ उद्या लावू."

"उद्या?" नंदू तिच्याकडे वळला. "एकदा सांगितलंस म्हणे! भाजीत मीठ कमी आहे हे सांगतात एकदा. हात जाईल हे एकदा सांगतात काय? ऐकलं नाही तर मशीन बंद करायचं होतंस. पण मग खोके राहिले असते, नाही का?"

दिशाचा चेहरा पडला, मग तीही तापली. "तुम्ही ना, कुणाला बोलूच देत नाही! मी गेल्या महिन्यात तुम्हाला फोन करणार होते ह्याच्यासाठी. ताई म्हणाल्या, नको, तो तमाशा करील."

"मी? तमाशा?" नंदूने असं ओरडून विचारलं की प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच मिळालं.

आक्का मघापासून पदराला हात पुसत होती. तिने नंदूचं मनगट धरलं. ती धरायची पद्धत त्याच्या ओळखीची होती, लहानपणी रस्ता ओलांडताना ती असंच धरायची. "घाल हात. बंद आसा ना आता? घाल."

कुलूप लावलेलं आहे, किल्ली खिशात आहे, हे दोनदा चाचपून नंदूने हात घातला. ऊन, मऊ, जड काहीतरी.

"काय कळला?"

"पीठ आहे."

"शाबास. आता असा धर, की ह्या घट आसा. पाणी घातलंय. झाकण लावलंय. आता मशीन चालू करूचा आसा. जा. चालूचा बटण खय आसा? जाऊन ये."

नंदू काही बोलणार होता, पण तिच्या डोळ्यांत त्याला जुनी छडी दिसली. तो निघाला. गोण्यांना वळसा, दोन गोण्यांमधून अंग चोरून, तेलाचे डबे, शेवटच्या डब्यापाशी घसरडी लादी, मग भिंत, पॅनेल, पॅनेलच्या दारावर हिरवं बटण. तेवढंच परत. येईपर्यंत त्याला धाप लागली.

"आता परत झाकण उघडलंय, हात लावलंय. अजून घट. पाणी घातलंय. जा."

"आक्का..."

"जा!"

तो दुसऱ्यांदा जाऊन आला तेव्हा टाकीतल्या पिठावर सायीसारखा पापुद्रा धरला होता. आक्काने तो बोटाने मोडून त्याला दाखवला.

"एका घाण्याक असो दहा येळा फेरो. पयले पंधरा दिवस मी घातलंय फेरे. झाकण लावून, नीट, तू सांगलेल्यासारख्या. मगे रात्री गुडघे एवढे सुजले, उतरूक नाय जमायचा खाटेवरना. मगे काढलंय ती तुझी जीभ."

"गुडघे?" नंदू म्हणाला. "मला सांगितलं का नाहीस? बटण इथे आणून बसवायला मला किती वेळ लागतो? एका दुपारचं काम आहे! सांगायला काय झालं होतं?"

"सांगितला असता तर तू काय केलं असतस?"

"काय केलं असतं म्हणजे?"

"आरडलो असतस."

"मी ओरडतो?" नंदू ओरडला.

तळणीवरच्या बाईने गॅस बारीक केला. नंदूने एकेकाकडे बघितलं, दिशाकडे, चेतनाकडे, तळणीवाल्या बाईकडे. सगळ्यांनी नजर दुसरीकडे नेली, आणि त्याला एकदम दिसलं की ह्या गाळ्यात त्या रबराची गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच होता. जो त्या रबराची गरजच मिटवू शकत होता तोच.

तीस वर्षं तो चालूचं बटण पॅनेलच्या दारावरच ठेवत आला होता. सगळे तसंच ठेवतात म्हणून. बटण भिंतीवर, माणूस मशीनवर, मधे काय असेल ते असो. आता त्याला त्या बटणाचा राग आला, ते बसवणाऱ्या हरामखोराचा राग आला, आणि तो हरामखोर कोण ते माहीत असल्यामुळे मन भरून शिव्याही देता येईनात. तरी त्याने दिल्या. पिशवीतून केबल काढताना दिल्या, भिंतीला ड्रिल मारताना दिल्या, केबल पायपात ओवताना तर नुसता पाऊस पडत होता. "कुठल्या गाढवाने ही पट्टी अशी लावली... मीच लावली! हा स्क्रू कुणी असा... मीच!" चेतनाने नंतर घरी सांगितलं की काका दिवसभर स्वतःलाच अरे-तुरे करत होते.

खोके संध्याकाळी निघाले नाहीत. दिशाने फोनवर कुणाला तरी पाच वेळा सॉरी म्हटलं आणि कुलपाबद्दल पुन्हा विचारलं नाही. उलट एकदा येऊन ती म्हणाली, "त्या गोण्या मी मागे हलवते, काका." "आता हलवतेस?" नंदू खेकसला, आणि मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे साध्या माणसाच्या ओरडण्याइतक्या, म्हणाला, "हलव. नीट हलव. पाठ संभाळून."

टाकीच्या शेजारी, आक्काच्या कमरेच्या उंचीला, हिरव्या-लाल बटणांची नवी डबी बसली. झाकणाची जीभ त्याने पुन्हा झाकणावर लावली, आणि अशा स्क्रूंनी, की जे घट्ट होतात पण उलटे फिरतच नाहीत. मग मागे जाऊन त्याने कुलूप काढलं आणि दांडा वर केला.

वाया गेलेला घाणा काढून आक्काने नवी उकड टाकली. झाकण लावलं, जागेवरूनच बटण दाबलं. घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने तिने फिरत्या मशीनचं झाकण उचललं, मुद्दामच, नंदूकडे बघत. वाकडे हात जागच्या जागी थांबले. तिने रबर असलेल्या दिवसांतल्यासारखंच डोळे मिटून पिठाला बोटं लावली.

"फिरताना बरा कळायचा," ती म्हणाली.

"नाही कळलं तरी चालेल! चकली वातड झाली तर होऊ दे! तुझ्या चकलीची..."

"गप ऱ्हव. कळता." तिने हात बाहेर काढला, वाटीभर पाणी ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं. जागची हललीही नाही. "आणि आता घराक जा. डोक्यावर उभो ऱ्हवा नको."

"जाणार नाही. तू परत काहीतरी करशील."

"करीन तर तुका फोन करीन. उचलून आरडलस तर बघ."

"ओरडणार नाही," नंदू ओरडला.

तसा आक्काने पिठाने भरलेला तो उजवा हात फाडकन त्याच्या पाठीत मारला. चांगला सणसणीत, आईच्या माघारी मारायची तसा.

नंदू पिशवी उचलून निघाला. नाक्यावर रिक्षाच्या रांगेत मागच्या एका सभ्य गृहस्थाने त्याच्या खांद्याला हात लावला. "ओ काका, शर्टावर मागे पीठ लागलंय. अख्खा पंजा उठलाय बघा, पाच बोटं. झटकू का?"

"हात लावू नका!" नंदकिशोर तिरोडकर असा काही ओरडला, की रांगेतले पुढचे तिघेही बाजूला झाले आणि पहिली रिक्षा त्यालाच मिळाली.