केशरबाईच्या कवटीचं हाड

पाटोद्याजवळच्या वस्तीवरल्या केशरबाईला एकच लेक, बजरंग. नवरा गेला तेव्हा तो पाळण्यात होता. दिराच्या रानात खुरपून तिनं त्याला वाढवलं. पुढं तो पुढाऱ्यांच्या मागं फिरायला लागला, तरी गरम भाकर आधी त्याच्याच ताटात पडायची.

एकदा त्याला शोधत आलेल्या माणसांना ती भोळेपणानं म्हणाली, "हाय की घरात." बजरंग त्यांना टाळत होता. ती माणसं गेली आणि त्यानं हातातला ट्रॅक्टरचा पाना आईच्या डोक्यात घातला.

दवाखान्यात तिनंच सांगितलं, "गोठ्यात पाय घसरला." मेंदू सुजला म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला. सूज उतरल्यावर परत बसवला, तर त्यात पू झाला. शेवटी तो तुकडा फेकूनच द्यावा लागला. डाव्या कानाच्या वर खळगा राहिला. खोकलं की तिथली कातडी थरथरायची.

"पदर घे आधी, माणसं जेवायलीत," घरात पाहुणे असले की बजरंग ओरडायचा.

शेजारची ताराबाई तेवढी रोज यायची. खळग्याभोवतीचे केस हळूच विंचरायची.

जखम वाळल्यावर डॉक्टर शिवानींनी मायलेकांना समोर बसवलं. "बरगडीचं हाड लावता येईल, पण या वयात ते विरघळायची भीती. हाडाचं सिमेंट ऑपरेशनातच कालवून थापतात. टायटॅनियमची जाळी आहे. नाहीतर स्कॅनवरून खळग्याच्या मापाची टणक पट्टी, म्हणजे नकली हाडच, बनवून आणायची, त्याला थोडा वेळ लागतो."

बजरंगचा फोन वाजला. तो बाहेर गेला.

केशरबाई पुढं सरकली. "बाई, परत मार बसला तर टिकंल अशी कोणची?"

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही तर पडला होतात ना?"

"पडंन की परत."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सिमेंट तडकतं. जाळी दबते. पट्टी सगळ्यांत दणकट. आजी, पोलिसांना बोलवू का?"

"नगं. एकुलता हाय."

बजरंग आत आला. "लवकर काय व्हतंय?"

"सिमेंट. पण..."

"मग तेच भरा. सारख्या चकरा माराया मला टाइम न्हाई."

"आजी, डोकं तुमचं आहे. तुम्ही सांगा."

केशरबाईनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "पोरगा म्हणतोय ते."

सिमेंट बसलं, डोकं गोल दिसायला लागलं. पुढं ती ताराबाईबरोबर नारायणगडाला दर्शनाला गेली आणि परतायला उशीर झाला. चूल थंड होती. बजरंगनं तिला दाराच्या चौकटीवर ढकललं. सिमेंट तडकलं, त्याची कपची कातडीतून बाहेर आली. दुसऱ्या ऑपरेशनात ते सगळं काढलं. कातडी फार विरली होती, आता तिथं काहीच बसणार नव्हतं. उजवा हातही लुळा पडला.

ताराबाई चौकीत गेली. पोलीस वॉर्डात आले तेव्हा ती खाटेपाशीच उभी होती.

"ही खोटं बोलतीय साहेब," केशरबाई म्हणाली. "बांधावरनं वैर हाय आमचं. माझ्या लेकराला अडकवायलीय."

ताराबाईनं हातातला डबा खाली ठेवला आणि ती निघून गेली.

केशरबाई घरी आली तेव्हा दोन घरांमधल्या कुंपणाच्या वाटेत बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. "तारे, ए तारे," तिनं हाका मारल्या. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. ओ कुणी दिली नाही.

घरातून बजरंग ओरडला, "पाणी आण." डाव्या हातानं कुंपण धरत ती आत गेली.