साडूभाऊंचा माईक

वस्तू विकत घेण्याआधीच तिला विटून जाणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. म्हणजे आमचे साडू. बाकीचे लोक आधी वस्तू घेतात, मग वापरतात, मग तिच्या खोड्या काढतात. साडूभाऊ आधी खोड्या काढतात. त्या काढून होईपर्यंत दुकानात नवी वस्तू आलेली असते आणि तिच्या खोड्या काढायला पुढचा रविवार लागतो. हा पुढचा रविवार दरवेळी माझा असतो, एवढंच माझं दुःख. साडूभाऊ राहतात उधन्यात, मी भेस्तानला, मध्ये स्कूटरचा पंधरा मिनिटांचा रस्ता. आणि आमच्या सासुरवाडीत अशी अफवा आहे की मला कॉम्प्युटरमधलं कळतं. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सलच्या पावत्या टाइप करतो. पावती छापणारं यंत्र अडलं तर त्याला बाजूने एक चापट मारतो. माझं ज्ञान इथे संपतं. पण अफवा संपत नाही, आणि तिच्या जोरावर सासुरवाडीला मला दोन पापड जास्त मिळतात, म्हणून मीही ती कधी खोडून काढली नाही. त्याची फळं भोगतो आहे.

साडूभाऊ खानदेशातून सुरतेला आले ते मिसरूड फुटायच्या वयात, आणि तेव्हापासून एकाच खात्यात आहेत. खातं म्हणजे मागाचा कारखाना, आणि मागाला इकडे साचा म्हणायचं. चोवीस साच्यांचे ते जॉबर, म्हणजे दुरुस्ती करणारे मिस्त्री. त्यांची ख्याती अशी की ते साचा बघत नाहीत, ऐकतात. दारात उभे राहून डोळे मिटायचे आणि सांगायचं, अकरा नंबरचा दट्ट्या घासतोय. मालेगावात अजून तसले जुने साचे चालतात, तिथले ओळखीचे कारागीर अडले की फोन करतात. साडूभाऊ त्यांना म्हणतात, ‘बोलू नको, फोन साच्याजवळ धर.’ अर्धं मिनिट ऐकतात आणि कुठला नट किती आवळायचा ते सांगतात. मी शेजारी बसून तोच आवाज ऐकलेला आहे. मला त्यात फक्त खटॅक खटॅक ऐकू येतं आणि डोकं दुखतं.

तर या माणसाने एके दिवशी ठरवलं की आपल्याला जे येतं त्याचे व्हिडिओ करून ठेवायचे. साचा बिघडला की कसा बोलतो, नीट झाला की कसा बोलतो, एकेक रोग घेऊन दाखवायचा. ‘मी गेलो की हे कोण सांगणार?’ असं ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं. त्या भाबडेपणात मी म्हणून गेलो, ‘करा की, मी आहे.’ ते चार शब्द मला दोन वर्षं पुरले.

सुरुवात कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापासून झाली. स्टेशनजवळच्या दुकानात साडूभाऊंनी तिकाटणं उभं करून घेतलं, खिशातून पाणसळ काढली आणि वर ठेवली. साचा बसवताना ते जमिनीची पातळी बघतात, तशी. बुडबुडा एका बाजूला गेला. दुसरं तिकाटणं आणलं, बुडबुडा त्याच बाजूला. दुकानातली सगळी तिकाटणी झाली, तेव्हा साडूभाऊंनी पाणसळ फरशीवर ठेवली आणि दुकानदाराला गंभीरपणे सांगितलं की तिकाटणी बरी आहेत, पण तुमचं दुकान पूर्वेला उतरतंय, आधी ते बघा. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. दुकानदार मात्र फरशीकडे बघत उभा होता, आणि मला त्याची दया आली, कारण त्याचा सबंध रविवार गेला होता. माझाही गेला होता, पण माझी दया करणारं तिथे कोणी नव्हतं.

माईकचं प्रकरण याहून वाईट. उभा जन्म खात्यात गेल्यामुळे साडूभाऊंना साच्याचं बारीकसारीक ऐकू येतं, पण माणसाचं कमी येतं. आणि स्वतः बोलतात ते चोवीस साचे चालू आहेत असं धरूनच. दुकानदार शर्टाच्या कॉलरला माईक लावून द्यायचा, साडूभाऊ ‘नमस्कार मंडळी’ म्हणायचे, आणि दुकानदार कानावरचे हेडफोन ओढून काढायचा. लांबून धरायचा माईक झाला, केसाळ टोपडं घातलेला माईक झाला, बिनतारी झाला. प्रत्येकात आवाज फाटला. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘काका, तमारे माईकनी शुं जरूर?’ तुम्हाला माईक हवाच कशाला, हा प्रश्न मला इतका पटला की मी मोठ्याने हसलो, आणि मग तीन रविवार साडूभाऊ माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. दुर्दैवाने काम तेच होतं.

मग सॉफ्टवेअर. व्हिडिओ कापायचं आणि जोडायचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यासाठी साडूभाऊंनी ‘व्हिडिओ कसे करावेत’ या विषयावरचे इतके व्हिडिओ पाहिले की तेवढ्या वेळात स्वतःचे दोनशे झाले असते. एक फुकट होतं, पण चित्रावर आडवं स्वतःचं नाव उमटवायचं. साडूभाऊ म्हणाले, दुसऱ्याचा शिक्का मारलेलं कापड मी कशाला काढू? दुसरं त्यांच्या लॅपटॉपला झेपेना. तिसरं चांगलं होतं, म्हणून त्यात काहीतरी लपलेलं असणार असा त्यांना संशय आला. प्रत्येकाची माहिती त्यांनी शंभर पानी वहीत लिहिली होती, आणि दर रविवारी चहा पुढे ठेवून ते मला विचारायचे, ‘बोला, हे की ते?’ मी हे म्हणालो तर ते ते म्हणायचे, मी ते म्हणालो तर एक पान उलटून तिसरंच काढायचे. एकदा मी वैतागून स्वतःच्या मनाने एक तिकाटणं घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी त्याचा एक पाय हलवून पाहिला आणि ते सन्मानाने परत दिलं. सध्या त्यावर आमच्या गॅलरीत मोगऱ्याची कुंडी आहे आणि बायको म्हणते, तुमच्या हातून घरात आलेली ही एकच कामाची वस्तू.

ताईंना, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोला, हे सगळं घरात सांभाळावं लागायचं. त्या नवऱ्याशी अजून अहिराणीतच बोलतात. एका रविवारी वहीवरची नजर न काढणाऱ्या नवऱ्यापुढे त्यांनी पोह्यांची बशी आपटली आणि म्हणाल्या, ‘आते तरी सुरू करा. साचा काय तुम्हनी वाट दखत बसणार शेत का?’

साचे तुमची वाट बघत थांबणार नाहीत, हे त्यांचं बोलणं इतक्या लवकर खरं होईल असं त्यांनाही वाटलं नसेल. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. खात्याच्या शेठने साडूभाऊंना ऑफिसात बोलावून पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग सांगितलं, ‘मास्तर, लाभपांचम पछी नवां मशीन आवशे.’ दिवाळीनंतरची पंचमी झाली की नवी यंत्रं येणार, त्यांना इकडून तिकडे सूत नेणारा धोटा नाही, जॉबर नाही. कंपनीचा माणूस येऊन बघून जाणार. जुने चोवीस साचे दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी भंगारात. मास्तरांना बसून देखरेखीचं काम मिळेल. शेठ चांगला माणूस आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी तीन तास साचे फक्त तुमच्यासाठी चालवू, काय शूटिंग करायचं ते करा, असंही तो आपणहून म्हणाला.

त्या शनिवारी साडूभाऊंनी एका दुपारी सगळं सामान घेतलं. सोबत मी होतोच. कॅमेरा घेतला तो दोन वर्षांपूर्वी मी पहिल्याच दिवशी ज्यावर बोट ठेवलं होतं तो. माईक तोच, तिकाटणं तेच, सॉफ्टवेअरही लपवाछपवीच्या संशयावरून नाकारलेलं तेच. मला ओरडावंसं वाटलं, पण साडूभाऊ पाणसळ घरी विसरून आले होते, आणि ते बघून मी पिशव्या उचलल्या.

शूटिंगच्या दिवशी मात्र मी त्यांचं दुसरंच रूप पाहिलं. दोन वर्षं ज्यांना हे की ते कळत नव्हतं, त्यांच्या हाताला त्या तीन तासांत एकदाही अडखळायला झालं नाही. चांगला चालणारा साचा ते मुद्दाम बिघडवत, त्याचा रडका आवाज ऐकवत, मग पाना घेऊन नीट करत आणि पुन्हा ऐकवत. असे अकरा रोग झाले. मी दिवा धरून उभा होतो. घरी चकल्यांचं पीठ भिजवून बायको खोळंबली होती. तळणीला मी लागतो, म्हणजे झारा घेऊन उभा राहायला लागतो. तिचे चार फोन येऊन गेले. मी खरंच कुठे आहे याचा पुरावा म्हणून मी माझ्या फोनवर एक्कावन्न सेकंदांचा व्हिडिओ काढून तिला पाठवला. त्यात अर्ध्या चित्रावर माझा अंगठा आहे. तो काढत असतानाच साडूभाऊ सात नंबरच्या साच्यापुढे थबकले. हा त्यांनी बिघडवला नव्हता, आपणहून बिघडला होता. ते पाना काढून वाकणार, तोच मी म्हणालो, ‘अहो, तो उद्या बघा की. चला आता, चकल्या खोळंबल्यात.’ दुसऱ्या दिवशी भंगाराचा ट्रक येणार हे मला ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं. साडूभाऊंनी पाना खिशात घातला.

पाडव्याला त्यांनी सगळ्यांना फराळाला आणि व्हिडिओ बघायला बोलावलं. तयारी चोख होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा गोंगाट साफ करायचं एक बटण होतं. साडूभाऊंनी आधी दारात उभं राहून म्हटलेल्या ‘नमस्कार मंडळी’वर ते वापरून पाहिलं, रस्त्यावरच्या रिक्षा गायब, त्यांचा आवाज देवळातल्या घंटेसारखा. मग त्यांनी तेच बटण अकराही व्हिडिओंना एकदम लावून टाकलं. लॅपटॉप दीड दिवस धापा टाकत होता. काम झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्यातलं आणि लॅपटॉपमधलं मूळ शूटिंग पुसून टाकलं, न बघता. कापड उतरलं की साच्याखालचा कचरा झाडून मगच घरी जायचं, ही जॉबरची जन्माची सवय. झाडलेला कचरा कोणी उलगडून बघत नाही.

टीव्हीवर साडूभाऊ आले. मागे साचा सुरू झाला, धोटा इकडून तिकडे पळू लागला. पडद्यावरचे साडूभाऊ म्हणाले, ‘आता हा आवाज ऐका.’ आणि शांतता. साचा मुक्यासारखा हात हलवत राहिला. ‘आता हा ऐका,’ ते म्हणाले. पुन्हा शांतता. ‘कळला फरक?’ आम्ही सगळे हसलो. मीच पहिला हसलो. साडूभाऊंनी रिमोट घेऊन आवाज वाढवला, मग टीव्हीच्या मागची वायर पाहिली, मग लॅपटॉपला कान लावला. अकराही व्हिडिओ पाहिले. सॉफ्टवेअरला मास्तरांचा आवाज कामाचा वाटला होता, आणि साचे गोंगाट. ताईंनी मला डोळ्यांनी दटावलं तोवर माझं हसणं कधीच थांबलं होतं. साडूभाऊ एवढंच म्हणाले, ‘मी कशाला होतो त्याच्यात? मला पुसलं असतं तरी चाललं असतं.’ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

लाडवाची बशी कोणी पुढे ओढेना. तेव्हा माझी बायको म्हणाली, ‘तुम्ही मला तो पाठवला होता ना, अंगठ्याचा?’ तिने तो ठेवला होता. नवऱ्याने पाठवलेला कुठलाही पुरावा ती पुसत नाही, वेळेला लागतो म्हणते. तिने फोन साडूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन कानाला लावला, मालेगावचा कारागीर लाइनवर असल्यासारखा, आणि डोळे मिटले. एक्कावन्न सेकंद झाले की पुन्हा लावायचे. चौथ्या वेळी म्हणाले, ‘सात नंबर.’ त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात नुसतं चष्म्याचं घर होतं.

माझं बोलणं त्यातून काढून टाकता येईल का, असं मी विचारलं. त्या सॉफ्टवेअरला माणूस आणि साचा यांतला फरक उलटा करून सांगता येतो का बघू, म्हणालो. ‘काही साफ करायचं नाही,’ साडूभाऊ म्हणाले. तो व्हिडिओ त्यांनी आहे तसा, माझ्या अंगठ्यासकट आणि वैतागासकट, आपल्या नव्या चॅनेलवर टाकला. दोन वर्षांच्या अभ्यासातून निघालेला तेवढा एकच. सगळ्या जगाला आता ऐकू येतं की एक माणूस चकल्या तळायच्या घाईत होता.

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा वही टेबलावर नव्हती. साडूभाऊंनी फोन माझ्यापुढे धरला. व्हिडिओखाली मालेगावच्या कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं: ‘काका, धोट्याला टोला बरोबर बसत नाही वाटतं. पिकर ढिला आहे, आवळून घ्या.’ पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा ठोकळा, हे मलाही एव्हाना ठाऊक झालं होतं. मी विचारलं, बरोबर आहे का? साडूभाऊ म्हणाले, ‘शंभर टक्के. न बघता ओळखलं त्याने.’ ज्या साच्याचा पिकर आवळायचा, तो एव्हाना कुठल्या भट्टीत वितळून गेला असेल देव जाणे. मला वाटलं, आता विचारतील, हे लिहू की ते. त्यांनी नाही विचारलं. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी उत्तर लिहिलं, चष्मा वर करून एकदा वाचलं, आणि पाठवून दिलं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी हळूच वाकून पाहिलं. लिहिलं होतं, ‘हो. उद्या बघतो.’