पिपाण्या केसेस

मीटिंग रूमच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा तक्ता पडला होता. इंग्रजीत. चार रकाने. पास, रिजेक्ट, रीवर्क. चौथ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, पिपाण्या. खाली आकडा, सात.

पिपाण्या म्हणजे मी.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतशाळेत, मी तपासनीस आहे. त्या दिवशी आमचा माल घेणाऱ्या ट्रॅक्टर कंपनीचे दोन पाहुणे आले होते. मी दाराशी उभा होतो. तपासनिसाला मीटिंगमध्ये खुर्ची नसते. तक्ता समजावणारी इंजिनिअर पुण्याहून नवीनच आलेली. एका पाहुण्यानं विचारलं, "व्हॉट इज पिपाण्या?"

ती म्हणाली, "फॉल्स अलार्म, सर. लोकल इंडस्ट्री टर्म आहे."

धाकटे साहेब हसले. ते मालकांचे पुतणे, क्वालिटीचे प्रमुख. मग सगळे हसले. पाहुण्यानं शब्द वहीत लिहून घेतला. त्या मुलीला ठाऊक नव्हतं की ती टर्म दाराशी उभी आहे.

तो शब्द कुठून आला ते मी सांगतो.

मी गडहिंग्लजकडचा. वडील हलगी वाजवायचे, आजोबाही. लग्नात, जत्रेत, मयतीला. मी आयटीआय केलं आणि इथं लागलो. पहिल्याच आठवड्यात धाकट्या साहेबांनी कॅन्टीनमध्ये विचारलं, "वडील काय करतात?" मी खरं सांगितलं. तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा लागला होता. त्यात एक नोकर. अनवाणी, फाटका कोट, गळ्यात पिपाणी. भलत्या वेळी पिपाणी फुंकतो, मालकाची लाथ खातो, हसतो, पुन्हा फुंकतो. त्याचं नाव पिपाण्या. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"अरे, हा तर आपला पिपाण्या!"

कॅन्टीन हसलं. मीही हसलो. हे लिहिताना हात अडतो, पण लिहायला हवं. मीही हसलो.

भट्टीवरच्या काकांनी समजूत घातली. "आरं, मनावर घिऊ नगंस. नाव पडलं म्हंजी मानूस घरातला झाला."

मी म्हणालो, "घरातल्याला लाथ मारत्यात व्हय, काका?"

ते भट्टीकडे वळले.

वर्षभर ते नुसतं नाव होतं. मग ते ऑफिसच्या इंग्रजीत शिरलं. त्याला माझं काम कारणीभूत झालं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, टांगून त्याच्यावर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा, ही इथली जुनी तपासणी. चांगला नग खणखणतो. आत तडा असेल किंवा लोखंड बिघडलं असेल, तर बद्द वाजतो. माझा कान तयार होता. वडील हलगी विस्तवावर शेकायचे, बोटानं टिचकी मारायचे आणि मला म्हणायचे, "कान दे की. ती सांगती." कातडं सैल आहे का, कडेला चिरलंय का, मी डोळे मिटून सांगत असे. लोखंड त्याहून सोपं.

मी बद्द वाजणारे लॉट अडवू लागलो. लॅब म्हणायची, पास. लॅब तपासते तो तुकडा वेगळा ओतलेला असतो. आमचा माल वेगळ्या साच्यातून येतो. हे साहेबांना माहीत आहे. पण मालाची गाडी थांबायची आणि साहेब चिडायचे. "ही इज बीइंग पिपाण्या अगेन." पुढे ग्रुपवर, "डोन्ट पिपाण्या धिस लॉट, प्लीज." मग खरेदीवाले एकमेकांना म्हणू लागले, "टोटल पिपाण्या, यार." ज्यांनी तो सिनेमा पाहिला नव्हता, तेही म्हणू लागले. मी समोर असताना. माझ्याकडे न बघता. शेवटी शब्दाला रकाना मिळाला. रकान्यात गेलेला लॉट पुन्हा तपासायचा नाही, सोडायचा. असे सहा लॉट गेले. ते ब्रेकचे ब्रॅकेट आहेत. ते तुटले तर ट्रॅक्टर थांबत नाही. वर माणूस बसलेला असतो.

सातवा लॉट अजून यार्डात होता.

मीटिंग संपली. साहेब पाहुण्यांना घेऊन यार्डात आले. पास झालेल्या प्रत्येक नगावर तपासनीस आपल्या नंबरचा पंच ठोकतो. तो उठला की नगाची जबाबदारी त्याची. आधीच्या सहा लॉटवर दुसऱ्या पाळीत पंच उठले होते. साहेब मला म्हणाले, "डोन्ट पिपाण्या इट नाऊ. जस्ट पंच."

मी म्हणालो, "न्हाय मारत."

"काय?"

"न्हाय मारत. आणि माझं नाव पिपाण्या न्हाय."

साहेबांनी पाहुण्यांकडे बघितलं, हसायचा प्रयत्न केला. या वेळी मी हसलो नाही. एक चांगला नग टांगला, शेजारी त्या लॉटमधला. हातोडी वहीवाल्या पाहुण्याच्या हातात दिली. "पावणं, तुमीच वाजवा की."

त्यानं पहिला वाजवला. खण्ण. दुसरा वाजवला. ढप्प. यार्डातली माणसं हातातलं काम सोडून बघत होती. फरक लहान पोरालाही कळला असता. त्यानं हातोडी परत दिली, हात रुमालाला पुसले आणि साहेबांना विचारलं, "लॅब रिपोर्ट ओके आहे ना?"

"येस, येस."

ते चहाला गेले.

ती इंजिनिअर मागे थांबली. म्हणाली, "सॉरी. मला वाटलं, तो खरंच टेक्निकल शब्द आहे."

मी म्हणालो, "आता कळलं न्हवं? मग तक्त्यातनं काढा."

ती ऑफिसकडे गेली. रकाना अजून आहे.

तिसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. इंग्रजीत. त्यात पिपाण्या हा शब्द नाही. त्याचा अर्थ मात्र आहे, 'हॅबिच्युअल फॉल्स अलार्म'. सात दिवसांत उत्तर मागितलंय. काका म्हणतात, माफी लिही, तुझी पोरं लहान आहेत. पोरं लहान आहेत, हे खरं.

मी उत्तर मराठीत लिहितोय. पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव आणि वडिलांचं काम. मग हा शब्द कुणी, कधी, कुणासमोर वापरला, ते ओळीनं. ग्रुपवरचे सगळे मेसेज जोडलेत. सहा लॉटचे नंबर जोडलेत. एक प्रत ट्रॅक्टर कंपनीला जाईल, एक कारखाना निरीक्षकाला. चौकशीला बोलावलं तर मी तो बद्द नग आणि हातोडी घेऊन जाणार, आणि खुर्ची मागणार.

पंच माझ्या खिशात आहे. त्या लॉटवर दुसऱ्या कुणाचा उठला, तर तो नंबरही मी लिहून ठेवीन. माझा उठणार नाही.