हातमोजे घातलेला बाहुला

"बोटं चुंबकाची करा," साहेब म्हणाले. "म्हणजे पंपात हात गेला की टपाटप खाली पडतील. लोक हसतील."

साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे सेफ्टी मॅनेजर. पुण्याचे. ऑफिसात सगळ्यांशी इंग्रजी, माझ्याशी तेवढं मराठी. त्यामुळे हे वाक्य मला माझ्याच भाषेत ऐकावं लागलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी इथे परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे. सकाळी क्वीन्सटाउनहून कंपनीची बस पकडते, गेटवर पास दाखवते आणि आत जाते. रविवारी मात्र एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतल्या वर्कशॉपमध्ये बाहुल्या बनवते. मुलीला घेऊन गेले होते; ती कंटाळली, मी टिकले. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, चिनी, साठी उलटलेल्या. त्यांचे बाहुले तिघांनी मिळून चालवायचे असतात. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. डोकं धरणाऱ्याने श्वास घेतला की बाकीच्या दोघांनी त्या श्वासामागे जायचं. ऑफिसात कुणाला तरी हे कळलं आणि सेफ्टी डेसाठी बाहुला करायचं काम माझ्याकडे आलं.

सोबत स्क्रिप्ट होती. एक वेंधळा कामगार. हातमोजे घालायला विसरतो, पंपात हात घालतो, बोटं गमावतो. शेवटी सगळे मिळून घोषणा देतात.

हा वेंधळा कोण, ते प्लांटवर प्रत्येकाला ठाऊक होतं. काही महिन्यांपूर्वीच कॉन्ट्रॅक्टरच्या एका तमिळ कामगाराची दोन बोटं गेली होती. पंप आणि मोटर यांना जोडणारा शाफ्ट भयंकर वेगाने फिरतो. त्याच्यावर लोखंडी जाळीचा गार्ड असतो. तो दुरुस्तीसाठी काढला होता आणि परत बसवलाच नव्हता, कारण उत्पादन थांबवायचं नव्हतं. पंप तसाच चालू केला. हा माणूस शेजारी सांडलेलं तेल पुसत होता. त्याने हातमोजा घातलेला होता! कंपनीनेच दिलेला, जाड, सैल. शाफ्टने पकडला तो हातमोजाच, आणि त्याबरोबर हात आत ओढला. उघडा हात असता तर कदाचित निसटलाही असता.

मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले होते. पट्टीत गुंडाळलेला हात उशीवर ठेवून तो एवढंच म्हणाला, "मॅडम, आय वेअर ग्लव्ह. आय वेअर." चौकशीच्या अहवालात मात्र आलं, निष्काळजीपणा. तो गावी परत गेला.

साहेबांना मी हे सगळं बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला काय माहीत नाही का? पण झालं ते झालं. आता लोकांना शिकवायचंय. आणि सेफ्टी डेला इतकं गंभीर कोण बघतं हो?"

घरी येऊन मी लाकूड काढलं. जेलुटोंग. मऊ असतं, पण घाईने छिन्नी मारली तर चीर जाते. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन पंजे फुटले. नवरा म्हणाला, "अगं, आधी दहा मिनिटं बस, आनापान कर, श्वासाकडे बघ, मग काम कर. केवढी चिडलीयेस!" मी म्हटलं, "मला शांत व्हायचंच नाहीये." तो चहा टाकायला गेला. मुलीने स्क्रिप्ट वाचली. ती सहसा माझ्या बाहुल्यांकडे बघतही नाही. वाचून म्हणाली, "आई, नॉट फनी लाह. दिस इज बुलिंग."

चुंबकं मी लावली नाहीत. पंजे अखंड कोरले, बोटाबोटाचे सांधे दिसतील असे. चेहरा वेंधळा केला नाही. दमलेला केला, दुपारच्या पाळीनंतर असतो तसा. साहेबांनी पाहिला आणि वैतागले. "हा हसवणार कसा?" पण दिवस उरले नव्हते.

बाहुल्याचं डोकं मी धरणार होते, डाव्या हाताला एक मलय शिफ्ट सुपरवायझर होता आणि पायांना लॅबमधली एक तरुण मुलगी. अपघाताच्या दिवशी पंप बंद केला होता तो याच सुपरवायझरने. कार्यक्रमाच्या सकाळी मी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की मी स्क्रिप्टप्रमाणे करणार नाहीये. तुम्हाला यातून बाहेर पडायचं असेल तर आत्ता पडा. लॅबमधल्या मुलीने नकारार्थी मान हलवून पायांच्या काठ्या उचलल्या. सुपरवायझर म्हणाला, "यू ब्रीद, आय फॉलो."

कँटीनमध्ये पुढे खुर्च्यांवर मॅनेजर, मागे भिंतीला टेकून कॉन्ट्रॅक्टरचे कामगार उभे. पुठ्ठ्याचा पंप टेबलावर. आवाज रेकॉर्ड केलेला होता. त्यात बाहुला किरट्या आवाजात म्हणाला, "ओह नो, आय फरगॉट माय ग्लव्हज!" आणि आमचा बाहुला हातमोजे घालून आला. कंपनीच्याच हातमोज्याचं कापड कापून मी ते शिवले होते. त्याने दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. आधी थोडं हसू झालं. मग मागचं हसू थांबलं.

मी श्वास घेतला. तो पंपाजवळ गेला. शाफ्ट उघडा होता. त्याने वाकून पाहिलं, पंपामागे शोधलं, टेबलाखाली शोधलं, सरळ उभा राहिला आणि मान वळवून पहिल्या रांगेकडे बघू लागला. एवढंच. बाई आम्हाला सांगतात, बाहुल्याने काही केलं नाही की माणसं त्याच्याकडे नीट बघतात. डावा पंजाही हलला नाही. सुपरवायझरने तो घट्ट धरला होता. रेकॉर्डिंगमध्ये बोटं पडल्याचा 'टुईंग' असा आवाज आला. कुणी हसलं नाही.

मागून एकजण ओरडला, "व्हेअर गार्ड?" मग दुसरा. मग बरेच. साहेबांनी उठून स्पीकरची वायर ओढली.

केबिनमध्ये दार लावून ते म्हणाले, "तोंडघशी पाडलंत मला. वरच्यांसमोर. निदान आपल्या माणसाने तरी…"

"मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, सर."

"मी काय करू शकत होतो?"

"बोटं चुंबकाची करा, असं म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज फार चढला होता. बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असणार. जाऊ दे.

बाहुला कंपनीच्या वेळेत केलेला नव्हता. मी तो चादरीत गुंडाळून घरी आणला. कुणी मागितला नाही.

पुढच्या काही दिवसांत प्लांटवरच्या सगळ्या पंपांना पिवळे, नवेकोरे गार्ड बसले. कसली नोटीस लागली नाही. लोकांनी मला सांगितलं, बघा, तुमच्यामुळे झालं. मला आनंद झाला नाही. गार्ड इतक्या लवकर मिळत होते, तर ते आधी का आणले नाहीत? आणि अहवाल मी बदलायला सांगितला, लेखी सांगितला, दोनदा. तो बदलला नाही. त्या माणसाच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द अजून तसाच आहे.

त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल लिहून आलं की 'टीम स्पिरिट' वाढवायला हवं. मी सही केली नाही. एचआरने दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

पुढच्या सेफ्टी डेला कंपनीने जादूगार बोलावला. त्याने म्हणे हेल्मेटमधून कबूतर काढलं, आणि टाळ्या कंट्रोल रूमपर्यंत आल्या. मी आणि सुपरवायझर तिथेच बसलो होतो, आमची ड्यूटी नसताना.