मायनर, सन्ड्री आणि भाऊसाहेबांचा मांडव

चालत्या मिलमध्ये किस्से घडत नाहीत. घडत असतील तरी यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकू येतात! मिल थंडावली की मात्र ते धुळीसारखे साचतात. खुर्ची झटकली तरी एखादा खाली पडतो. आमच्या इंदूरच्या मिलमध्ये कापूस यायचा थांबला आणि पेपरात उदारीकरण हा शब्द रोज दिसू लागला, त्या सुमाराचे हे किस्से. मी ते त्या त्या दिवशीच टिपून ठेवत आलो, म्हणून शिळे झाले तरी बदललेले नाहीत.

आधी माणसं सांगतो. हेडक्लार्क भाऊसाहेब, टायपिस्ट सुलभाताई, गेटवरचा रामेश्वर भिया, आणि मी, म्हणजे ऑफिसातला नाना. भाऊसाहेबांच्या मंगलचं लग्न देवासच्या घरात ठरलं होतं. व्याह्यांनी सुपारी फोडताना एकच अट घातली होती, "हुंडा नको, मानपान नको. पण मुलीचे वडील नोकरीत हवेत. घरी बसलेला व्याही शेवटी जावयाच्या डोक्यावर बसतो."

मुहूर्त वैशाखातला. तोवर मिल टिकावी, एवढंच भाऊसाहेबांचं खजराना गणपतीला मागणं. आणि नेमके तेव्हाच मुंबईहून नवे साहेब आले.

*

साहेब आपल्यातलेच, मराठी. पण बोलण्यात इंग्रजी फार, आणि तेही सगळं लहानसहान गोष्टींचं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्ही लोक घाबरू नका. एक मायनर अ‍ॅडजस्टमेंट आहे, बस."

आम्हांला बरं वाटलं. आपलाच माणूस आहे, मायनर म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तर कँटीनला कुलूप! आतली भट्टी, बाकं, कपबशा, सगळं गेलेलं. रामेश्वर भिया गेटवर कपाळाला हात लावून उभा.

"भिया, अपना केंटीन ही मायनर हो गया!"

त्या दिवसापासून ऑफिसात एक रीत पडली. साहेबांच्या तोंडून नवा इंग्रजी शब्द आला, की भाऊसाहेब पेनाला टोपण लावत आणि मला म्हणत, "नाना, गेटवर जाऊन या. काय बाहेर चाललंय ते बघा." शब्दाचा अर्थ आम्हांला डिक्शनरीत नाही, गेटवर मिळायचा.

*

एकदा साहेब जाता जाता म्हणाले, "आज काही सन्ड्री आयटम्स जातील."

भाऊसाहेबांनी टोपण लावलं. मी गेटवर. पाहतो तर ट्रकवर लूम चढवलेले! ज्यांवर आमच्या बापजाद्यांनी धोतरजोड्या विणल्या ते लूम, दोरखंडानं बांधून, गाईगुरं न्यावीत तसे. रामेश्वर भिया ट्रकपुढे आडवा उभा, हातात गेटपास.

साहेब धावत आले. "काय झालं? पास आहे ना?"

"पास तो है, साब. इस पे सन्ड्री लिखा है. सन्ड्री मतलब क्या?"

"मतलब छुटपुट सामान."

रामेश्वरनं मान वर करून लूमकडे पाहिलं. मान बरीच वर करावी लागली.

"ये छुटपुट है तो साब, बड़ा निकलेगा तब अपन कां खड़े रेंगे?"

ट्रक गेला. पण साहेब त्या दिवशी मागच्या दारानं घरी गेले.

*

मग साहेबांनी आयडल टाइम हा शब्द काढला. ऑफिसात कोण किती आयडल बसतो, त्यावर त्यांची नजर.

भाऊसाहेबांना विचारलं, "सगळे टाइमपास काय करताय?"

"साहेब, कापूस तुम्ही देत नाही. मग आम्ही वेळच काततो!"

साहेब हसले नाहीत. साहेब हसले नाहीत की आम्ही घाबरायचो. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी काखेत फाईल मारून फिरायला सुरुवात केली. भाऊसाहेब व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, तिथे खांबाला हात लावत आणि परत येत. गंमत म्हणजे साहेबही फाईल घेऊन समोरून येत. दोघं एकमेकांना ओलांडताना दोघांचीही नजर समोरच्याच्या फाईलवर!

भाऊसाहेबांच्या फाईलमध्ये लग्नाच्या आमंत्रणांची यादी होती, ते आम्हांला ठाऊक होतं. साहेबांच्या फाईलमध्ये काय, या विचारानं सुलभाताईंना झोप येईना. त्यांना पक्का संशय, की आपल्या सगळ्यांची नावं आहेत त्यात. एक दिवस साहेब फोनवर असताना सही घ्यायच्या निमित्तानं त्या आत गेल्या आणि हळूच फाईल उघडून आल्या. चेहरा पांढरा.

"ताई, काय आहे? नावं?"

"नाना, इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं आहे. अर्धं सुटलेलं!"

मग भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे उरलेलं अर्धं सुटेपर्यंत मिल आहे."

*

सर्वांत वाईट शब्द आला तो फाल्गुनात. जस्ट अ फॉर्मॅलिटी. स्वेच्छेनं नोकरी सोडतो, अशा कागदावर सह्या करायच्या होत्या.

"नाही तरी हे होणारच आहे," साहेब म्हणाले, "सही काय, जस्ट अ फॉर्मॅलिटी."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले ते उजवा हात गळ्यात बांधून. कोपरापासून बोटांपर्यंत पट्टी.

"पडलो साहेब, मोरीत. सही काही जमायची नाही."

साहेबांनी पट्टीकडे नीट पाहिलं. "हरकत नाही. डाव्या हाताचा अंगठा चालेल."

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या डाव्या अंगठ्यालाही पट्टी! विळीवर कापला, म्हणाले. आता हेडक्लार्क माणूस विळीवर काय करत होता, हे साहेबांनी विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

पंचाईत झाली ती पोह्यांची. रामेश्वर सकाळी गरम पोहे घेऊन आला, वर शेव, जिरावन, लिंबू. साहेबांच्या केबिनचं दार उघडं. आम्ही खातोय आणि भाऊसाहेब नुसते बघतायत.

"भाऊसाब, आप नी खा रिये?"

"उपास आहे."

"आज काहे का उपास?"

भाऊसाहेबांनी केबिनीकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाले, "फॉर्मॅलिटीचा!"

*

चैत्रात सूतखात्याला कुलूप लागलं. साहेब म्हणाले, टेम्पररी आहे.

मी गेटवर गेलो नाही. रामेश्वरच आत आला.

"भिया, अपना पुराना ताला परमानेंट था, वो लात मारने से खुल जाता था. ये टेम्पररी वाला देखा? हाथी भी नी तोड़ सके!"

*

आणि मंगलच्या लग्नाचा दिवस उजाडला. मिल कशीबशी उभी होती, आणि भाऊसाहेब कागदोपत्री नोकरीत होते. हातांच्या पट्ट्या सुटलेल्या, अंगात नवा कोट, मांडवात घामाघूम होऊन हिंडत होते. वऱ्हाड दारात आलं, व्याह्यांना ओवाळून आत घेतलं, आणि तेवढ्यात रामेश्वर मागच्या बाजूनं आला. मला आणि सुलभाताईंना खुणेनं आचाऱ्यांच्या चुलीपाशी बोलावलं.

"नोटिस लग गई, भिया. गेट पे. मिल बंद."

"कधी?"

"सुबे. चिपकाने वाला मेरे सामने ही चिपका के गया."

सुलभाताईंनी आचाऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "अक्षता पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही कुणी. भाऊसाहेबांपाशीसुद्धा नाही." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या.

परत मांडवात येतो तर समोर साहेब! सफारी सूट, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला आहेर. भाऊसाहेबांनी रिवाज म्हणून पत्रिका दिली होती; येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. सुलभाताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आजच कसे आले हो हे? सांगायलाच आलेत."

मलाही तोच संशय. पण काही करायच्या आत देवासच्या व्याह्यांनी त्यांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलंसुद्धा. भाऊसाहेब पुढे गुलाबपाणी घेऊन उभे.

"तुम्ही मिलचे मोठे साहेब ना? बरं झालं भेटलात," व्याही म्हणाले. "आमच्याकडे देवासला काय काय कानावर येतं. खरं सांगा, मिलचं काय चाललंय?"

सनई चालू होती, पण मला ती ऐकू येईनाशी झाली. रामेश्वरनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं. एकदा भाऊसाहेबांकडे. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"काही नाही हो," साहेब म्हणाले, "एक मायनर मेंटेनन्स आहे. आणि भाऊसाहेब आहेत तोवर आमच्या ऑफिसला काळजी नाही."

व्याही खूश झाले. फेटा सावरून मागे टेकले.

भाऊसाहेबांच्या हातातली गुलाबदाणी मात्र तशीच थांबली. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही मांडवाच्या झालरी मोजायला लागलो. त्यांनी गुलाबदाणी साहेबांच्याच हातात दिली आणि तरातरा बोहल्यापाशी गेले.

"गुरुजी, अंतरपाट धरा."

गुरुजींनी घड्याळ दाखवलं. "भाऊसाहेब, मुहूर्ताला अजून बराच अवकाश आहे."

"मग मंगलाष्टकं सावकाश म्हणा," भाऊसाहेब म्हणाले, "पण अंतरपाट आत्ता धरा!"