गेमने काय घोडं मारलंय?

लोर्ना ह्रित्सेन्को हिवाळ्यात कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका छोट्या गावाचे रस्ते साफ करायची. पहाटे बर्फ लोटणाऱ्या ट्रकवर आणि संध्याकाळी बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर, दोन्हीकडे तिचा आवाज इंजिनाला भारी पडायचा. लेक डेना गोलकीपर झाल्यापासून तर विचारूच नका. बाई बाकावर बसून रेफ्रीचा उद्धार करायची आणि आजूबाजूचे आईबाप खो खो हसायचे. त्यांतले निम्मे तिच्यापेक्षा वाईट बोलायचे, पण ऐकू जायची ती एकटी लोर्ना.

सेमीफायनलला डेनाने रेफ्रीच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली. वर ओरडली, "डोळे आहेत की बटणं? घरी जाऊन बाहुल्या खेळ!" रेफ्री म्हणजे शेल्बी, पंधरा वर्षांची पोर. मॅच संपल्यावर ती रडत गेली आणि शिट्टी टेबलावर टाकून म्हणाली, मी पुन्हा येणार नाही.

सोमवारी क्लबची बैठक बसली. डेनाला शनिवारची फायनल खेळू द्यायची का, एवढाच प्रश्न होता. अध्यक्ष मरे मोठा समजूतदार माणूस. त्याने वाट आधीच काढून ठेवली होती.

"अगं लोर्ना, सगळा त्या व्हिडिओ गेमचा प्रताप आहे. दिवसभर गोळ्या झाडतात पोरं, डोकं फिरणारच. महिनाभर गेम काढून घे, पोरगी सॉरी म्हणेल, शनिवारी खेळेल. विषय संपला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आई सुटली, लेक सुटली आणि तिथे बसलेला प्रत्येक जणही सुटला. लोर्नालाही क्षणभर मोह झाला. मग तिचं टाळकं सटकलं.

"मरे, 'डोळे आहेत की बटणं' हे कुठल्या गेममध्ये आहे रे?"

मरे समोरचे कागद चाळू लागला.

"माझं आहे ते. इतकी वर्षं बोंबलतेय मी आणि तू दात काढतोस. मागच्या महिन्यात तू शेल्बीला गाढव म्हणालास. तू कुठला गेम खेळून आला होतास?"

"तुला मदत करायलाच बसलोय ना आम्ही!"

"नकोय मला असली मदत. बाटली डेनाने फेकली, ती शनिवारी बाहेर बसेल. शिकवलं मी, तर हा हंगाम संपेपर्यंत मला रिंकमध्ये घेऊ नका. गेम घरातच राहील. त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"अशाने निम्म्या गावाला बाहेर काढावं लागेल!"

"मग काढ ना. घाबरतोस कशाला?"

घरी डेना वाट बघत बसली होती. बातमी ऐकताच तिने पेरोगीची, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, बशी दूर ढकलली.

"तू नुसतं हो म्हणाली असतीस तर मी खेळले असते! तुझ्यामुळे झालं हे, सगळं तुझ्यामुळे!"

लोर्नाला फार लागलं. पण आवाज चढला नाही.

"हो, माझ्यामुळेच," ती म्हणाली. "तेच सांगून आलेय मी तिथे. आता ऊठ, कोट घाल. शेल्बीकडे जायचंय. आधी मी माफी मागते, मग तू."