दिवा लागल्यावर गाडी किती जाते?

नऊ वर्षं रोज एकाच गाडीतून ऑफिसला गेलं की किस्से आपोआप जमतात. आमचे सगळे किस्से मात्र एकाच दिव्यापाशी घडलेत! शारजाहून हमरिया फ्री झोनला जाणारे आम्ही तिघं: मी, पुण्याचे साठे आणि गाडीचे मालक इक्बालभाई, मूळचे रत्नागिरीचे. साठे स्वतःच्या गाडीत अर्धी टाकी उरली की पंप गाठतात. इक्बालभाई पेट्रोलचा पिवळा दिवा लागेपर्यंत पंपाकडे बघत नाहीत, आणि लागल्यावर तर मुळीच नाही!

*

पहिल्याच आठवड्यात दिवा लागला. ऑगस्ट महिना. इक्बालभाईंनी शांतपणे एसी बंद केला. "आता पेट्रोल वाचेल!"

साठे घामाने निथळत म्हणाले, "अहो, भरून टाका ना!"

"साठेसाहेब, दिवा लागला म्हणजे पेट्रोल संपलं नाय. गाडी नुसती आठवण करते!"

ऑफिसात साठ्यांना सगळ्यांनी विचारलं, पोहून आलात का?

*

इथे पेट्रोलचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. एकदा तीस तारखेला दिवा लागला आणि उद्या भाव उतरणार अशी बातमी आली. इक्बालभाई थांबले. अख्खं शारजा थांबलं होतं! दुसऱ्या दिवशी पंपावर ही लांब रांग. रांगेत इंजिन चालू ठेवलं तर पेट्रोल खलास, म्हणून साठे आणि मी, गळ्यात टाय, गाडी ढकलत होतो.

पंपवाल्याने विचारलं, "सर, बॅटरी डाऊन?"

स्टिअरिंगवरून इक्बालभाई म्हणाले, "नहीं भाई, एक्सरसाइज!"

*

त्यांचं रेकॉर्ड होतं दिव्यावर ब्याण्णव किलोमीटर. ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवलं जायचं. घरात कंटाळली होती ती त्यांची मुलगी झोया. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिने एकच अट घातली, "पप्पा, एनीवन! बट नॉट अ यलो लाइट मॅन!"

*

मग गाडी सर्व्हिसिंगला अल क्वोजच्या गॅरेजमध्ये गेली. आणायला साठे आणि मी गेलो. साठ्यांनी आधीच मेकॅनिकच्या कानावर घातलं होतं की तो दिवा जरा बघा.

मेकॅनिक खूश होता. "सेन्सर खराब था साब, लाइट बहुत जल्दी आता था. ठीक कर दिया, अब टंकी खाली होने पर ही आएगा. फ्री!"

म्हणजे आजवर दिवा लागायचा तेव्हा टाकीत भरपूर पेट्रोल असायचं! ते ब्याण्णव किलोमीटर बिघडलेल्या सेन्सरचे होते.

"इक्बालभाईंना तुम्ही सांगा," साठे म्हणाले.

"काम तुम्ही करून घेतलंत, तुम्हीच सांगा."

त्या माणसाचा अभिमान मोडायचा धीर दोघांनाही झाला नाही. चूक आमचीच.

*

पुढच्याच शुक्रवारी झोयासाठी फुजैराचं स्थळ बघायला निघालो. मुलाच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून आपणच जाऊ, असं ठरलं होतं. इक्बालभाई, भाभी, झोया आणि मुलीकडचे म्हणून आम्ही दोघं. मसाफीच्या डोंगरात दिवा लागला. फुजैरा पस्तीस किलोमीटर!

"इक्बालभाई, पंप!" साठे ओरडले.

"पहिल्याच भेटीला उशीर बरा दिसतो काय? अजून पन्नास तरी जाते."

"मला टॉयलेटला जायचंय!" साठ्यांनी बहाणा काढला.

"तिकडे पोचून जा."

मी सेन्सरचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि डोंगरातच थांबली. इक्बालभाईंचा चेहरा मला बघवेना. भाभी कपाळाला हात लावून बसल्या. नाइलाजाने मुलाकडे फोन केला. मुलीकडचे रस्त्यात अडकलेत, पेट्रोल आणा!

अर्ध्या तासाने मुलगा स्वतः आला. नाव इम्रान. डबा घेऊन उतरला, सलाम केला, सगळं पेट्रोल आमच्या टाकीत ओतलं. हसला नाही, काही विचारलंही नाही. मला तिथेच आवडला.

इक्बालभाई आभार मानायला त्याच्या गाडीपाशी गेले आणि आत बघून थबकले. "बेटा, तुझा पण दिवा लागलाय!"

"सकाळीच लागला, काका. टेन्शन नाय, अजून चाळीस तरी जाते."

इक्बालभाईंनी त्याला मिठीच मारली. इकडे साठ्यांनी मला कोपर मारलं, कारण झोया ऐकत होती.

ती उतरली. सरळ इम्रानच्या गाडीशी गेली, वाकून तो दिवा बघितला, पुढचं दार उघडून बसली आणि सीटबेल्ट लावला.

"पप्पा, आय ॲम गोइंग विथ हिम. पंपावर थांबवायला कुणीतरी पाहिजे ना!"